फुंकऱ्याचा नंबर

तर टॉवेल गुलाबी झाले, इथवर आपण काल आलो होतो. पण झोपता झोपता माझ्या लक्षात आलं, की मी गोष्टीचं शेपूट आधी सांगून बसलो आणि तोंड राहूनच गेलं. फुंकऱ्या कोण हेच ठाऊक नसेल, तर टॉवेल गुलाबी झाले काय नि जांभळे झाले काय, तुम्हाला त्याचं काय! तेव्हा टॉवेल दोरीवर तसेच वाळू द्यात. आपण आधी दुकानात शिरू.

दुकान केस कापायचं. तीन खुर्च्या, तीन आरसे आणि समोर एक लांब बाक. दाराजवळची खुर्ची मालकाची. त्याला सगळे शेठ म्हणायचे. आम्ही दोघं शाळेत एका बाकावर बसायचो, म्हणून मी एकटाच त्याला अरे-तुरे करायचो. मधली खुर्ची शेठच्या मेहुण्याची. मेहुणा हाताने मध्यम आणि तोंडाने जलद. आणि तिसरी, खिडकीजवळची खुर्ची फुंकऱ्याची.

खरं नाव त्याला होतंच, पण ते त्याच्या बायकोला आणि दवाखान्याला माहीत. आम्ही फुंकऱ्या म्हणायचो, कारण केस कापून झाले की तो ब्रश हातात घ्यायचाच नाही. कॉलर दोन बोटांनी मागे ओढायचा आणि मानेवर एक फुंकर मारायचा. आता फुंकर कोण मारत नाही? चहावर आपण सगळेच मारतो. पण याची फुंकर एका कानामागून निघायची, मान ओलांडून दुसऱ्या कानामागे जायची आणि वाटेतला एकेक केस उचलून न्यायची. अंगावर असा काटा यायचा की माणूस खांदे उडवून हसायचा. आमचा पोस्टमन तर त्या फुंकरीसरशी जागा व्हायचा. चालून चालून दमलेला असायचा बिचारा, खुर्चीत बसला की घोरायला लागायचा. एकदा तर फुंकरीच्या आधीच दचकून उठला आणि अंगावरच्या कापडासकट रस्त्यावर धावला. पुढच्या घरात पाकीट टाकून परत आला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की डोकं अर्धंच झालंय.

त्या खुर्चीसाठी लोक थांबायचे. मेहुणा मोकळा बसून कात्री वाजवायचा, “या, या, इकडे रिकामी आहे!” आणि लोक म्हणायचे, “असू दे, घाई नाही.”

आता या तिघांची एक रीत होती, ती नीट ध्यानात ठेवा, कारण सगळं तिच्यावर येऊन थांबणार आहे. केस कापणाऱ्याला स्वतःची दाढी करता येते, पण स्वतःची मान काही दिसत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी दुकान धुऊन झालं की तिघं एकमेकांचे केस कापायचे. शेठ फुंकऱ्याचे, फुंकऱ्या मेहुण्याचे आणि मेहुणा शेठचे. कोणी कोणाचं देणं लागत नाही, असा गोल. मेहुण्याच्या हाताखाली मान द्यायची वेळ शेठवर यायची, म्हणून तो कुरकुरायचा. पण ही वाटणी शेठच्या वडिलांच्या काळापासूनची, ती मोडायची कोणाची छाती नव्हती.

मग फुंकऱ्या आजारी पडला. ताप उतरेना, वजन घटत चाललं, खोकल्याने झोप नाही. मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथे रक्त तपासलं आणि एचआयव्ही निघाला. कुठून आला, असं तुम्ही विचाराल. लोकांनीही पहिलं तेच विचारलं. कावीळ झालेल्याला कोणी विचारत नाही, की बाबा तू नेमकं कुठलं पाणी प्यायलास. त्याला पपई नेऊन देतात. या एकाच दुखण्याची लोकांना जन्मकुंडली हवी असते. फुंकऱ्याने ती आपल्या बायकोला सांगितली असेल, नसेल. तो त्या दोघांचा मामला. तिने स्वतःचं रक्त तपासून घेतलं, ते चांगलं निघालं, आणि ती त्याला म्हणाली, “आता रोजची गोळी विसरलात तर रोगाच्या आधी मीच मारीन.” बाई तोंडाची अशी, पण दवाखान्याच्या पायरीवर त्याचा डबा मांडीवर घेऊन ती किती बसली, ते मी पाहिलेलं आहे.

गोळ्या सुरू झाल्या आणि माणूस पुन्हा भरायला लागला. गाल वर आले, आवाजात जोर आला. कामावर रुजू झाला तसं शेठने त्याला प्रेमाने मागच्या खोलीत बसवलं. “काय झालं होतं रे एवढं?”

दुसरा कोणी असता तर टायफॉइड म्हणून मोकळा झाला असता. फुंकऱ्याने सरळ सांगितलं. म्हणाला, “शेठ, दर सुट्टीला तुमच्या हातात माझी मान असते. तुमच्याशी काय लपवू?”

शेठ म्हणाला, “सांगितलंस ते बरं केलंस. पोटात ठेवतो.”

शेठ मनाने लोण्यासारखा, पण त्याच्या पोटाला बूड नव्हतं. संध्याकाळी त्याने फक्त बायकोला सांगितलं. बायकोने फक्त भावाला, म्हणजे आमच्या मेहुण्याला. आणि मेहुण्याला सांगणं म्हणजे चौकात भोंगा लावणं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रस्त्यावरची माणसं आपापली मान चाचपत चालली होती.

खिडकीजवळची खुर्ची रिकामी पडली. लोक यायचे, बाकावर बसायचे. फुंकऱ्या टॉवेल झटकून म्हणायचा, “या.” आणि लोक म्हणायचे, “असू दे, घाई नाही.” शब्द तेच बरं का, जे पूर्वी मेहुण्याला ऐकवायचे.

मी जाऊन बसलो त्याच्या खुर्चीत. पण माझ्या डोक्यावर कापण्यासारखं तेव्हाच काही उरलं नव्हतं. त्याने दाढी केली, नेहमीसारखं नवं पातं माझ्यादेखत कागदातून काढलं, गुळगुळीत केलं. उठलो तर बाकावरून पोस्टमन कुजबुजला, “म्हाताऱ्याचं काय, तो आज ना उद्या जाणारच.” म्हणजे माझ्या बसण्याचा उपयोग शून्य!

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई स्वतः येऊन भिंतीवर कागद लावून गेल्या. हात लावल्याने हा रोग होत नाही, टॉवेल, कंगवा, कप, श्वास यांनी होत नाही, औषध नियमित घेणारा माणूस इतरांसारखाच म्हातारा होतो, असं सगळं ठळक अक्षरांत. लोक तो कागद वाचायचे, मान डोलवायचे आणि तीच मान घेऊन मेहुण्याच्या खुर्चीत बसायचे.

फुंकऱ्याने फुंकर बंद केली. खिशात एक मऊ ब्रश ठेवायला लागला. चुकून एखादा परगावचा माणूस त्याच्या खुर्चीत बसलाच, तर त्या ब्रशने मान झाडायचा. मला वाटतं, खुर्ची रिकामी राहण्यापेक्षा हे त्याला जास्त लागलं होतं.

शेठने त्याला काढलं मात्र नाही. त्याच्याच्याने ते झालं नसतं. त्याने मधला रस्ता काढला, आणि मधला रस्ता काढायची त्याची खोड शाळेपासूनची. चहाचा ग्लास वेगळा केला. खाली पडलेले केस लोटायचं काम फुंकऱ्याकडे आलं. आणि टॉवेल! शेठच्या बायकोने जुन्या लाल पडद्याच्या पट्ट्या फाडल्या आणि थोड्या टॉवेलांना काठासारख्या शिवून दिल्या. लाल काठाचे फुंकऱ्याच्या खुर्चीचे, पांढरे बाकीच्या दोघांचे. येणाऱ्या प्रत्येकाला शेठ हौसेने दाखवायचा, “हे बघा, लाल म्हणजे त्याचा. तुम्हाला पांढराच मिळणार. काळजी सोडा.”

सुट्टीच्या दिवसाचा गोलही मोडला. पहिल्या वेळी शेठ म्हणाला, “आज खांदा धरलाय.” दुसऱ्या वेळी, “डोळ्यात काहीतरी गेलंय.” फुंकऱ्या म्हणाला, “शेठ, एकेक अवयव करत पायापर्यंत पोचाल. राहू द्या.” मेहुण्याने तर आपलं डोकं त्याच्याकडे द्यायचं केव्हाच सोडलं होतं. मेहुणा आणि शेठ एकमेकांचे कापायला लागले आणि फुंकऱ्याचे केस वाढायला लागले.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दुकानात जायचं. अहो, कारागिराने दुसऱ्याच्या दुकानात डोकं घेऊन जायचं म्हणजे आपल्या दुकानाची अब्रू काढून टोपलीत घालून नेण्यासारखं. शिवाय बातमी तिथेही पोचलेलीच. बायकोने एकदा घरची कात्री घेऊन प्रयत्न केला. मागून पाहिलं तर जिन्याच्या पायऱ्या! ती म्हणाली, “माझ्याकडून एवढंच. चढा आता.” तो टोपी घालायला लागला. टोपीखालून केस कॉलरवर आले, आणि लोक एकमेकांना सांगायला लागले, “बघा, रोग दिसायला लागला.” कात्री लावायची नाही आणि केस वाढले की रोग म्हणायचं! एक दिवस तो मला म्हणाला, “आजोबा, रोगाला गोळी आहे, पण या केसांना एक हात लागतो हो. तो कुठून आणू?”

तर आता आलो आपण टॉवेलांवर.

टॉवेल धुवायचं काम मेहुण्याकडे. मागच्या अंगणात मोठं पातेलं चढवून तो ते उकळायचा. शेठने बजावलं होतं, लाल काठाचे वेगळे उकळ. मेहुण्याने काय करावं? सगळे एकदम पातेल्यात घातले. लाल पडद्याचा रंग कच्चा. झाकण उघडलं तेव्हा एक टॉवेल पांढरा उरला नव्हता. सगळे एकजात गुलाबी, आणि काठाची लाली इतकी उतरलेली की कुठला कोणाचा हे सांगायची सोय नाही.

शेठ किंचाळला, “तुला वेगळे उकळ म्हटलं होतं ना!”

मेहुणा म्हणाला, “दाजी, वेगळे म्हणजे आधी कोणाचे? त्याचे आधी उकळले तर पातेल्याला लागणार. मग त्याच पातेल्यात आपले कसे घालू? आपले आधी उकळले तर दोन्ही हातांनी त्याचे मागाहून ढवळायचे, ते हात मग आपल्या टॉवेलला! म्हटलं, उकळत्या पाण्यात सगळं मरतंच, तर होऊ दे एकदम.”

शेठ म्हणाला, “सगळं मरतं ना? मग मुळात वेगळे कशाला उकळायचे होते?”

मेहुणा म्हणाला, “ते तुम्ही सांगितलं होतं.”

यावर शेठ स्वतःच एकेक टॉवेल पिळायला लागला. मी तिथेच दगडावर बसलो होतो. 

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. लाल म्हणजे फुंकऱ्याचा, हे शेठनेच घरोघर पोचवलेलं. आता माणूस दारात यायचा, दुकानातल्या दोरीवर गुलाबी टॉवेलांची रांग बघायचा आणि घरी काहीतरी गॅसवर राहिल्यासारखा परत फिरायचा. दाराजवळची खुर्ची रिकामी, मधली रिकामी, खिडकीजवळची तर होतीच. मेहुणा कात्री वाजवून वाजवून थकला. शेठने आपल्या व्याह्यांना चहा दिला, तर ते ग्लासाकडे बघून म्हणाले, “आत्ताच घेऊन आलोय.” शेठ मला म्हणाला, “अरे, हा माणूस माझ्याकडे आला की तीन ग्लास पितो! मला काय झालंय?”

मी म्हटलं, “तुला काही झालेलं नाही. फुंकऱ्याच्या ग्लासालाही काही झालेलं नव्हतं.”

तो उठून आत गेला. मला वाटलं, रागावला. थोड्या वेळाने बाहेर आला, तो बाजारात जायची पिशवी घेऊन. म्हणाला, “नवे पांढरे टॉवेल आणतो. सगळं मिटेल.”

फुंकऱ्या खिडकीजवळ आरसा पुसत होता. त्या दिवशी बाकावर मी होतो आणि दारात पोस्टमन होता. पोस्टमन केस कापायला आलेला नव्हता, शेठचं पाकीट द्यायला आला होता आणि उंबऱ्यावरून हात लांब करून देत होता. फुंकऱ्याने फडकं खाली ठेवलं. म्हणाला, “शेठ, टॉवेल कशाला? माणसं टॉवेलाला भीत नाहीत. तुम्ही मला भिता, हे त्यांना दिसतं. तुमच्या दुकानात तुम्हीच भिताय म्हटल्यावर त्यांनी कोणाकडे बघून धीर धरायचा?”

शेठ म्हणाला, “मी कुठे भितोय?”

फुंकऱ्याने टोपी काढली. ते केस मी पहिल्यांदाच मोकळे पाहिले. खांद्याला टेकले होते, आणि मधे बायकोच्या त्या पायऱ्या. त्याने दोरीवरचा एक गुलाबी टॉवेल ओढला, आपल्या हाताने गळ्याभोवती गुंडाळला आणि दाराजवळच्या, थेट रस्त्यावरून दिसणाऱ्या शेठच्या खुर्चीत जाऊन बसला.

“माझा नंबर,” तो म्हणाला. “बरेच दिवस राहिलाय. आज कापायचे नसतील तर सांगा, मी ही खुर्ची सोडतो आणि खिडकीजवळचीही सोडतो. गावाबाहेरच्या रस्त्याला दाढ्या करीन झाडाखाली. पण खांदा धरलाय म्हणू नका.”

मेहुण्याची कात्री थांबली. पोस्टमनचा पाकीट धरलेला हात तसाच लांब राहिला. शेठ पिशवी घेऊन उभा. त्याच्या तोंडाचा रंग त्या टॉवेलपेक्षाही उतरला. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. शाळेच्या विहिरीत सूर मारायच्या आधी त्याचं तोंड असंच व्हायचं. बराच वेळ काठावर उभा राहायचा. कधी मारायचा, कधी चप्पल घालून घरी जायचा.

“कात्री लागली तर?” शेवटी तो हळूच म्हणाला.

“माझी लागते का कोणाला? तुमची लागते म्हणून विचारताय,” फुंकऱ्या म्हणाला. “आणि लागलीच तर कापूस मी माझा धरीन. तुम्ही धुऊन घ्या ती, रोज धुता तशी.”

पोस्टमन फिसकन हसला. शेठने पिशवी खाली ठेवली.

सुरुवातीला तो लांबूनच कापत होता. कंगव्याच्या टोकावर केस उचलायचा, कात्रीच्या टोकाने तोडायचा, जसं काही पोळ्यातून मध काढतोय. मागच्या पायऱ्या गेल्या, कॉलर दिसायला लागली. पण आता कानाशी आला. कानामागचे केस कान वाकवल्याशिवाय निघत नाहीत, हे कात्री हातात धरणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी शिकवतात. शेठने कंगव्याने कान दाबून पाहिला, तो सुटून परत आला. दुसऱ्यांदा दाबला, पुन्हा सुटला. आरशात मला फुंकऱ्याचे डोळे दिसत होते, ते त्याने मिटून घेतले होते.

मग शेठने कंगवा दातात धरला आणि दोन बोटांनी कान धरला.

त्यानंतर हाताला आपली जुनी सवय सापडली. कात्रीचा आवाज लयीत आला. मधेच शेठने एक हात फुंकऱ्याच्या डोक्यावर ठेवून मान खाली केली, पूर्वी करायचा तशी, थोडी दांडगाईने. “हलू नकोस रे!” असं ओरडलासुद्धा. दुसऱ्या कानाला तर त्याने विचारही केला नाही. पोस्टमन केव्हा उंबरा ओलांडून बाकावर येऊन बसला, ते मलाही कळलं नाही. रस्त्यावर दोघं-तिघं थांबले होते.

केस झाले. शेठने टॉवेल सोडला, झटकला. मानेवरचे केस झाडायला ब्रश शोधू लागला. फळीवर नाही, खणात नाही. असणार कसा? तो फुंकऱ्याच्या खिशात होता, आणि फुंकऱ्या तो काढून देत नव्हता. शेठने इकडेतिकडे पाहिलं, कॉलर मागे ओढली, गाल फुगवले आणि अशी फुंकर मारली की समोरचा आरसा धुरकटला, आणि मेहुण्याच्या फळीवरची पावडर उडून पोस्टमनच्या मिशीवर बसली.

शेठला घाम फुटला होता. त्याने हातातला तो गुलाबी टॉवेल उचलला आणि स्वतःचं तोंड खसाखसा पुसलं. कपाळ, गाल, मान, अगदी कानात बोट घालून. आम्ही सगळे बघत होतो. त्याच्याही लक्षात आलं. टॉवेल तोंडापासून बाजूला धरून तो क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला, मग सावकाश खांद्यावर टाकला आणि म्हणाला, “बघ रे बाबा. जमलंय का?”

फुंकऱ्याने आरशात उजवीकडून पाहिलं, डावीकडून पाहिलं, मानेवरून एकदा तळवा फिरवला. मग उठला, जाऊन खिडकीजवळच्या आपल्या खुर्चीवरची धूळ झटकली, ती शेठकडे फिरवली आणि म्हणाला, “केस ठीक आहेत, शेठ. पण फुंकर काय अशी मारतात? आग विझवायची नसते, केस उडवायचे असतात. या, बसा इथे, दाखवतो.”